सोयाचे वाटेकरी

मुलुंड मार्केटातल्या चिकनच्या दुकानात गिऱ्हाईक भाव विचारतं, तेव्हा दुकानदार पाटीकडे बोट दाखवतो. त्या पाटीमागे मक्याचा आणि सोयाबीनचा बाजार उभा असतो. ब्रॉयलर कोंबडी वाढवण्याच्या खर्चात पासष्ट-सत्तर टक्के वाटा एकट्या खाद्याचा, आणि त्या खाद्यात पोटभरीचं काम मक्याचं, तर अंग भरण्याचं काम प्रथिनांचं. आपल्याकडे हे प्रथिन मुख्यतः सोयाबीनचं तेल काढून उरलेल्या पेंडीतून येतं. धंद्यात तिला नुसतं ‘डीओसी’ म्हणतात.

मी राहतो मुलुंड पूर्वेला. काम मात्र चेकनाक्यापलीकडे. भिवंडीची गोदामं, शहापूर-मुरबाड-कर्जतकडच्या शेड आणि खाद्याच्या गिरण्या. कच्चा माल तपासायचा आणि फॉर्म्युला बांधून द्यायचा. सोयाचा भाव चढला की फोन वाजायला लागतात: “साहेब, डीओसीऐवजी काय घालू?” त्या फोनवर बरीच वर्षं जे सांगत आलो, ते इथे क्रमाने मांडतो.

१. पर्याय शोधायचा तो स्वस्ताईत

२०२१च्या पावसाळ्यात लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांवर गेलं. सरकारने त्या वर्षीच्या पिकाला जाहीर केलेला हमीभाव होता ३,९५० रुपये. सोयाबीनमागोमाग पेंडही पळाली. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली आणि न्हावा शेवा बंदराचं नाव प्रत्येक गिरणीवाल्याच्या तोंडी आलं. पण परवानगीचा कागद निघणं आणि पेंड गिरणीत उतरणं यात आठवडे जातात. ब्रॉयलरचं अख्खं आयुष्य चाळीस-बेचाळीस दिवसांचं. जहाज येईपर्यंत थांबा, असं पिलांना सांगता येत नाही.

त्या काळात तरले ते कोण? ज्यांनी आधीच्या स्वस्ताईत दोन-तीन पर्यायी माल थोड्या प्रमाणात वापरून पाहिले होते, ज्यांच्याकडे त्यांचे लॅब रिपोर्ट होते आणि विश्वासाचा पुरवठादार होता. बाकीच्यांनी जे मिळेल ते उचललं. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली की पाणी कसलं लागेल ते आपल्या हातात राहत नाही.

२. प्रथिनाचा आकडा हा नायट्रोजनचा गुणाकार असतो

गोणीवर किंवा रिपोर्टवर ‘क्रूड प्रोटीन ५० टक्के’ लिहिलेलं असतं, तेव्हा लॅबने प्रथिन मोजलेलं नसतं. मोजलेला असतो नायट्रोजन, आणि त्याला ६.२५ने गुणलेलं असतं. प्रथिनात साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून हा हिशोब. प्रामाणिक मालाला तो चालतो. लबाड मालाला तर फारच चालतो.

युरियात ४६ टक्के नायट्रोजन आहे. त्याला ६.२५ने गुणा: २८७ टक्के ‘प्रथिन’! म्हणजे टनभर पेंडीत दहा किलो युरिया मिसळला की कागदावरचं प्रथिन अडीच-तीन टक्क्यांनी वर जातं. गाय-म्हैस तो थोडाफार कामाला लावते, कारण तिच्या पोटातले जंतू त्यातून प्रथिन बनवतात. कोंबडीकडे ती सोय नाही. तिच्यासाठी तो निव्वळ कचरा, जास्त झाला तर विष. हीच युक्ती मेलामाइन घालून चीनमध्ये लहान मुलांच्या दुधात केली गेली आणि २००८ साली जगाला ती कळली. त्यामुळे नुसता प्रथिनाचा आकडा पाहून माल घेऊ नका. रिपोर्टमध्ये युरियाची चाचणी वेगळी मागा.

लॅब लांब असेल तर एक गावठी तपासणी आहे. संशयित मालात कच्च्या, न भाजलेल्या सोयाबीनचं पीठ आणि कोमट पाणी घालून झाकून ठेवा. कच्च्या सोयात युरिएज नावाचं एन्झाइम असतं, ते युरिया फोडतं. झाकण काढल्यावर नाकात अमोनिया गेला की ट्रक परत.

३. विकत घ्यायचं ते पचणारं लायसिन

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. ब्रॉयलरला त्यातली काही ठराविकच कमी पडतात: मेथिओनिन, लायसिन, थ्रिओनिन. जे सर्वांत आधी कमी पडतं, तिथे वाढ थांबते. सारण परातभर उरलेलं असो, उकड संपली की मोदक संपले. उरलेलं ‘सारण’ फुकट तर जातंच, वर ते फोडून बाहेर टाकायला पक्ष्याला कष्ट पडतात. तो नायट्रोजन विष्ठेतून खाली अंथरलेल्या तुसात उतरतो, त्याचा अमोनिया होतो आणि शेडमध्ये डोळे चुरचुरायला लागतात.

आता हिशोब पाहा. सोया डीओसीत प्रथिन ४५-४६ टक्के आणि पचणारं लायसिन सुमारे अडीच टक्के. तांदळापासून इथेनॉल काढल्यावर उरणाऱ्या डीडीजीएसमध्येही प्रथिन जवळपास तेवढंच, पण पचणारं लायसिन टक्काभरही धड नाही. मक्याच्या डीडीजीएसमध्ये प्रथिन २६ ते ३० टक्के आणि पचणारं लायसिन अर्ध्या टक्क्याच्या आसपास. मका ग्लुटेनमध्ये प्रथिन ६० टक्के, मेथिओनिन चांगलं, लायसिन मात्र बेताचं. तिळाच्या पेंडीचंही तसंच.

म्हणून भाव प्रथिनाच्या टक्क्याला लावू नका. टनभर खाद्यातून ५० किलो डीओसी काढून तेवढंच तांदळाचं डीडीजीएस घातलं तर साधारण एक किलो एल-लायसिन वरून घालावं लागतं. त्या किलोचा भाव बेरजेत धरा, मगच ‘स्वस्त पडलं’ म्हणा. पुष्कळदा पडतंही. पण आकडेमोड करून पडलं पाहिजे.

४. पर्यायाआधी हातातलं सोया तपासा

“डीओसी महाग पडतेय” अशी तक्रार येते, तेव्हा मी आधी त्यांच्या गोदामातली डीओसीच बघतो. कच्च्या सोयात ट्रिप्सिन इनहिबिटर असतो. तो पक्ष्याचं प्रथिन पचवणारं एन्झाइमच अडवतो. पेंड नीट भाजली की तो मरतो. कमी भाजली तर तो शिल्लक राहतो, जास्त भाजली तर लायसिन जळतं. दोन्हीकडे नुकसान तुमचंच.

याची तपासणी टेबलावर होते. युरिया आणि फिनॉल रेड यांचं नारिंगी द्रावण काचेच्या बशीत पसरलेल्या पेंडीवर ओतायचं आणि पाच मिनिटं बघत राहायचं. इथे-तिथे चार-दोन लाल ठिपके उमटले तर भाजणी ठीक. बशीभर लाली पसरली तर माल कच्चा. एकही ठिपका नाही म्हटल्यावर लोक खूश होतात, पण तिथेच सावध व्हायचं. ती पेंड करपलेली असू शकते. अशा वेळी लॅबकडून केओएच विद्राव्यता मागवा. ती ७०-७५ टक्क्यांच्या खाली असेल तर ती पेंड निम्मी लढाई भट्टीतच हरलेली आहे. सारा खेळ युरिएजचाच: कच्च्या सोयाने युरिया पकडायचा आणि युरियाने कच्चं सोया.

५. डीडीजीएसचा रंग बघा, वास घ्या, मग अफ्लाटॉक्सिन विचारा

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट २०३०वरून २०२५वर आणलं गेलं, धान्यापासून इथेनॉल काढणाऱ्या डिस्टिलऱ्या वाढल्या आणि त्यांच्या मागच्या दाराने डीडीजीएस बाजारात ओतलं जाऊ लागलं. आज सोयाचा सर्वांत मोठा वाटेकरी हाच. माल वाईट नाही, पण एका डिस्टिलरीचा दुसरीसारखा नसतो आणि एकाच डिस्टिलरीचे दोन लॉटही सारखे नसतात.

मूठभर घेऊन पांढऱ्या कागदावर पसरा. सोनेरी-पिवळसर असेल तर पुढे बोला. तपकिरी-काळपट आणि करपट वासाचा असेल तर वाळवताना तो भाजला गेला आहे आणि लायसिन तिथेच गेलं. दुसरी गोष्ट बुरशीची. आंबवताना धान्यातला स्टार्च निघून जातो, बाकी सगळं मागे राहून दाट होतं. मूळ मक्यात जेवढं अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, होतं, त्याच्या सुमारे तिप्पट डीडीजीएसमध्ये सापडतं. ब्रॉयलरच्या तयार खाद्यात आम्ही २० पीपीबीची रेघ धरतो. त्या रेघेत तिप्पट विषाचा माल किती बसेल, ते मिसळण्याआधी मोजा.

अफ्लाटॉक्सिनची ओळखच मुळात अशा एका ‘पर्यायी प्रथिना’तून झाली. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. कारण शोधता शोधता लोक ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत पोचले. आपल्याकडेही शेंगदाणा पेंड स्वस्त दिसते. पावसाळ्यात भिवंडीच्या गोदामात जमिनीवर टेकलेल्या, भिंतीला चिकटलेल्या गोण्या पाहिल्या की मी तिचं नाव काढत नाही. ओलावा ११-१२ टक्क्यांच्या आत, खाली फळ्या, भिंतीपासून हातभर अंतर आणि आधी आलेला माल आधी वापरायचा: एवढं पाळता येत नसेल तर जून ते सप्टेंबर पेंडीचे प्रयोग बंद.

६. गवार कोरमा: थोडा चांगला, फार वाईट

मुलुंड पश्चिमेला गुजराती-कच्छी व्यापाऱ्यांची जुनी वस्ती. त्यातले काही राजस्थान-गुजरातकडून कोरमा मागवतात. असेच एक शेठ मला नेहमी म्हणतात, “साहेब, पन्नास टक्के प्रोटीन आहे, अजून काय पायजे?” गवारीच्या बीचा डिंक काढल्यावर जे उरतं त्यातला प्रथिनाने भरलेला भाग म्हणजे कोरमा, आणि कमी प्रथिनाची ती चुरी. कोरम्यात प्रथिन खरंच ५० ते ५५ टक्के असतं. अडचण उरलेल्या डिंकाची. तो आतड्यात घट्ट होतो, अन्नरस पुढे सरकत नाही, विष्ठा चिकट होते. पिलांची बुडं चिकटलेली आणि तुसाचे गोळे झालेले दिसले की फॉर्म्युल्यात कोरमा शोधायचा.

म्हणून भाजलेलाच घ्या, फिनिशरमध्येच, म्हणजे विक्रीआधीच्या शेवटच्या टप्प्यातल्या खाद्यातच घाला, तीन ते पाच टक्क्यांवर जाऊ नका आणि सोबत तो डिंक फोडणारं मॅननेज एन्झाइम द्या. चुरीला कोरम्याच्या गोणीत घालून विकण्याची चाल जुनी आहे, तेव्हा प्रत्येक लॉट तपासा. सरकी पेंडीबद्दल विचाराल तर ती गोठ्यात शोभते. तिच्यातलं गॉसिपॉल आणि तंतू ब्रॉयलरला झेपत नाहीत.

७. मासळीचा मोह

सुकटीच्या वासाला मुंबईकर हरकत घेत नाही, तसा तिच्या मोहालाही लवकर बळी पडतो. चांगल्या फिशमीलसारखं प्रथिन दुसरं नाही: लायसिन, मेथिओनिन दोन्ही भरपूर. पण चांगलं फिशमील महाग असतं, आणि स्वस्त मिळतं ते बहुधा फिशमीलच्या नावावर वाळू-मीठ असतं. चमचाभर माल काचेच्या ग्लासात पाण्यात ढवळा, दोन मिनिटं थांबा आणि ग्लास तिरका करून तळ बघा. वाळू डोळ्यांना दिसते. मीठ दिसत नाही. ते दिसतं चार दिवसांनी, तूस ओलं झाल्यावर. साल्मोनेलाची चाचणी तर हवीच.

विक्रीच्या आधीचा निदान आठवडाभर फिशमील बंद ठेवा. नाही तर शिजवताना वास येतो आणि दुकानदाराला ऐकून घ्यावं लागतं. असाच दुसरा मोह रंगाचा. मका ग्लुटेन विकणारे सांगतात, “चिकनला छान पिवळा रंग येतो.” येतो, पण कातडीला. मुलुंडच्या दुकानात गिऱ्हाईक कातडी सोलूनच नेतं. त्या रंगाचे पैसे आपण कशाला मोजायचे?

८. आळ्या आणि अ‍ॅझोला: उत्साह जपून

मुलुंडचं डम्पिंग ग्राउंड २०१८ साली बंद झालं. त्याचा वास ज्यांनी वर्षानुवर्षं सोसला, त्यांना ओल्या कचऱ्यातून कोंबडीखाद्य तयार होतं ही कल्पना भुरळ घालणारच. ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या आळ्या ओला कचरा फस्त करतात आणि त्या वाळवल्या की प्रथिन ४०-४५ टक्के भरतं. पण इथेही तोच गुणाकार. आळीच्या अंगातला काही नायट्रोजन कायटिनमध्ये असतो, प्रथिनात नाही. त्यामुळे ६.२५ऐवजी ४.७६ने गुणावं, असं संशोधकांनी दाखवलं आहे. तसं केलं की कागदावरचे ४२ टक्के ३२वर येतात.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे आळी जे खाते ते तिच्या अंगात उतरतं. कॅडमियमसारखा धातू ती साठवते. युरोपीय संघाने सप्टेंबर २०२१पासून कोंबड्यांच्या आणि डुकरांच्या खाद्यात कीटक-प्रथिनाला मुभा दिली, पण त्या किड्यांना खरकटं किंवा शेण घालायला बंदी ठेवली. भाजी निवडताना निघालेली पानं, बेकरीतला उरलेला माल, दारूच्या कारखान्यातला चोथा, असा एकजात आणि ओळखीचा कचरा असेल तर या आळ्यांना भविष्य आहे. सोसायटीच्या मिश्र कचऱ्यावर वाढवलेल्या आळ्या मात्र मी कोंबडीच्या तोंडी देणार नाही.

अ‍ॅझोल्याचं गणित तर मोबाइलवरच होतं. त्यात ९२-९४ टक्के पाणी. शंभर किलो ओला अ‍ॅझोला वाळला की सहा-सात किलो उरतो आणि त्यात प्रथिन जेमतेम दीड किलो. मोठ्या झालेल्या पाच हजार ब्रॉयलरना दिवसाला दीडशे किलोच्या आसपास प्रथिन लागतं. परसातल्या पंधरा-वीस गावरान कोंबड्यांना घाला, आवडीने खातील. ब्रॉयलरच्या शेडला त्याचा आधार नाही.

९. प्रयोग अर्ध्या शेडवर, आणि गटारीच्या तोंडावर तर नकोच

पहिले दहा दिवस पिलाच्या खाद्याला हात लावू नका. त्या वयात आतडं कोवळं असतं. तिथे गेलेलं वजन पुढे भरून निघत नाही, आणि त्या दिवसांत पिलू खातंच किती? प्री-स्टार्टरमध्ये चांगली डीओसी, पर्याय पुढे फिनिशरमध्ये, कारण सर्वांत जास्त खाद्य तिथेच संपतं.

शेडला मधोमध जाळी लावा. एकाच दिवशी आलेली, एकाच हॅचरीची पिलं दोन्हीकडे सोडा. एकीकडे जुनं खाद्य, दुसरीकडे नवं. दर आठवड्याला वजन, रोजची मर, खाद्याचा हिशोब आणि हाताने तुसाचा ओलावा. एका बॅचवरून निकाल देऊ नका. आषाढ अमावास्येला, म्हणजे गटारीला, विक्रीला येणारी बॅच प्रयोगाला घेऊ नका. त्या आठवड्यात शंभर ग्रॅमनेही फरक पडतो, आणि पाठोपाठ श्रावण लागून भाव बसले की ती कसर काढायला जागा उरत नाही.

एक गोष्ट कंपन्यांच्या कारकुनी भाषेत दडून राहते. करारावर कोंबड्या पाळणाऱ्या शेतकऱ्याला पिल्लं आणि खाद्य कंपनी देते, त्याला मिळते ती किलोमागे वाढणावळ, आणि ती बहुधा एफसीआरवर, म्हणजे किलोभर वजनाला किती किलो खाद्य लागलं यावर, आणि उत्पादनखर्चावर ठरते. खाद्य बदलायचा निर्णय ऑफिसात होतो, बिघडलेला एफसीआर मात्र शेतकऱ्याच्या नावावर चढतो. नवा माल वापरायचा असेल तर त्या बॅचची वाढणावळ आधी लेखी ठरवा. मुरबाडकडचा एक शेतकरी मला म्हणाला होता, “साहेब, प्रयोग तुमचा, मग मर माझी कशी?” या प्रश्नाला फॉर्म्युल्यात उत्तर नाही, करारात असायला हवं.

१०. वाटेकरी म्हणा, वारस म्हणू नका

सोयाला एकच एक पर्याय सापडला, असं कुणी सांगत आलं तर चहा पाजून वाटेला लावा. व्यवहारात होतं ते असं: चार टक्के डीडीजीएस, तीन टक्के कोरमा, दोन टक्के मका ग्लुटेन, वरून लायसिन-मेथिओनिन-थ्रिओनिन, आणि डीओसी कमी झाली तरी मुख्य तीच. प्रत्येक मालाची खोड वेगळी असते. थोडं थोडं घेतलं की कुठलीच खोड अंगावर येत नाही.

याला दुसरी बाजूही आहे. २०२४ साली सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना लातूरच्या बाजारात शेतकऱ्याला त्याहून कमी मिळत होतं. स्वस्त डीडीजीएसमुळे पेंडीची मागणी घटली, हे त्यामागचं एक कारण. आपला खर्च वाचतो तो मराठवाड्यातल्या कुणाच्या तरी उत्पन्नातून. त्याने कंटाळून सोयाबीन पेरणं सोडलं तर पुढच्या महागाईत आपणच पुन्हा न्हावा शेवाकडे डोळे लावून बसू. म्हणून सोया स्वस्त असतानाही आपल्या फॉर्म्युल्यात त्याची जागा राखा. त्यात उपकार कुणावर नाही, सोय आपलीच आहे.

तेव्हा नवी गोणी दाखवणाऱ्याला तीन प्रश्न विचारा. यात पचणारं लायसिन किती? याच लॉटचा रिपोर्ट कुठे आहे? आणि याच दर्जाचा माल पुढचे तीन महिने किती देणार? तिन्हींची उत्तरं कागदावर मिळाली तर थोड्या प्रमाणापासून सुरुवात करा. एकाचंही उत्तर गुळमुळीत आलं तर महाग असली तरी डीओसीच घ्या.